शिवप्पा अण्णांचं नाक

कारखान्यात किस्से रिकाम्या ड्रमांसारखे साठतात. फेकावेत म्हणलं तर कुणीतरी म्हणतंच, "राहू द्या, कामाला येतील." बीदरच्या बाहेर औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. त्यामुळं ड्रमही माझ्याकडं आणि किस्सेही माझ्याकडंच.

*

कोहिनूर गावच्या एका कामगाराला बहिणीच्या लग्नात पाणी भरायला रिकामा ड्रम पाहिजे होता.

"त्यात काय होतं, माहीत हाय का?"

"धुऊन घेतो की अक्का."

"कितींदा?"

"तुम्ही म्हणाल तितक्यांदा."

मी ड्रमाला भोकं पाडली. महिनाभर तो माझ्याशी बोलला न्हाई.

*

मॅनेजरसाहेबांनी प्रत्येक केमिकलची सेफ्टी शीट लॅमिनेट करून घेतली आणि कपाटात कुलूपबंद केली, खराब होतील म्हणून.

"साहेब, तुम्ही रजेवर असताना काही सांडलं तर?"

"मी नसताना ड्रम उघडायचेच कशाला?"

किल्ली मिळवायला मला आठवडा लागला.

*

मग त्या इंग्रजी शीटा मी मराठीत उतरवल्या आणि जेवणाच्या सुट्टीत वाचून दाखवल्या. "डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं नळाखाली धुवायचं."

मंठाळचा रतन म्हणाला, "अक्का, आपल्या नळाला पंधरा मिनिटं पाणी कुठं येतंय?"

सगळे हसले, मीही हसले. मग जाऊन नळ सोडून बघितला. खरंच येत नव्हतं. स्वतःचीच लाज वाटली मला.

*

शिवप्पा अण्णा आमच्यातले सगळ्यात जुने. झाकण सैल करायचे, नाक जवळ न्यायचे आणि आत काय हाय ते सांगायचे. वास घेऊन ओळखू नये असं शीटवर स्पष्ट लिहिलेलं. तेही मी वाचून दाखवलं.

"ते नवख्यांसाठी असतंय अक्का. कागद तुम्ही वाचा."

पोरं शीटपेक्षा त्या नाकावर विसंबायची. अण्णा एकदाही चुकले नव्हते, आणि मला त्याचीच भीती वाटायची.

*

मागच्या उन्हाळ्यात अण्णा डब्यातली आमटी भुरकत होते. वासानं शेजारचे दोघं उठून गेले.

"अण्णा, नासलीय ती."

"न्हाई वो. बायकोनं चिंच जास्त घातलीय."

*

गेल्या महिन्यात एका ड्रमाचं लेबल गळून पडलं होतं. रतनला टाकीत ॲसिड ओतायचं होतं. भलतंच काही पडलं असतं तर विषारी वायू उठला असता, आणि टाकीवर वाकून रतनच उभा होता.

"अण्णा, हे ॲसिडच हाय नं?"

अण्णांनी झाकण सैल करून नाक जवळ नेलं. मग झाकण घट्ट लावलं.

"ओतू नको बाबा. मला वास येत न्हाई. कोरोना झाल्यापासून येत न्हाई."

रतन ड्रमापासून मागं सरकला. "मग इतकी वर्षं ओळखलं कसं?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली.

"लेबल वाचून."