उंच उशी

“उशी उंच भरू का चपटी, ते आदी सांगा मावशी. मागनं उसवायला लावू नका.”

“भर की सगळ्यांसारखी. आमच्या म्हाताऱ्याला काय कळतंय उंच न् चपटी!” कवठ्याहून बाजाराला आलेली सारजाबाई दुकानातल्या गादीवर टेकत म्हणाली.

“कोंडिबामामा आडवं झाल्यावर घरघरत्यात का?”

“घरघरत्यात? आगं, गिरणी परवडली! भितीला टेकून बसल्या बसल्या डुलकी काढत्यात.”

शहजादीचा हात थांबला. “मंग उंचच,” ती म्हणाली. “आन् सावरीच्या कापसाची. साधा कापूस दबतो.”

शिरूरच्या पेठेमागं शहजादीचं हे गाद्या-उशांचं दुकान. कोपऱ्यात टांगलेली, कापूस पिंजायची पिंजण तिच्या नवऱ्याची, सिद्दीकची. कापसाची धूळ खाऊन खाऊन त्याची छाती गेली होती. डोक्याखाली वीतभर उंच उशी असली तरच त्याला डोळा लागायचा. ती वीत शहजादीच्या हाताची.

अठ्ठ्याण्णव साली दौंडच्या बाजारात पाल ठोकायच्या जागेवरून मारामारी झाली. एकाचं डोकं फुटलं, आणि त्या गर्दीत सिद्दीकच्या हातात पिंजणीचा दांडा होता. तेवढ्यावर तो आत गेला. जामीन मिळाला, जामीनदार मिळेना. पिंजाऱ्यासाठी सातबारा घेऊन कोर्टात कोण उभा राहतोय? शहजादी कवठ्याला कोंडिबाकडंही जाऊन आली होती. त्यानं चहा पाजला, पावसापाण्याचं बोलला, सातबाऱ्याचं नाव काढलं नाही.

जेलच्या डॉक्टरनं सिद्दीकला तपासून लिहून दिलं, मोठ्या दवाखान्यात न्या. खर्च सगळा सरकारचा. शहजादीला वाटलं, सुटलो. पण कैद्याला बाहेर काढायचं तर संगं पोलीस लागतात, आणि पोलीस गणपतीच्या बंदोबस्ताला. मग नवरात्राच्या. मग कुणी मंत्री येणार होता. दर मुलाखतीला ती विचारायची, “न्हेलं का?” आणि जाळीपलीकडं सिद्दीक नुसती मान हलवायचा.

“औशिदाचं पैसं मी भरते की सायेब,” ती एकदा दारावरच्या शिपायाला म्हणाली.

“पैसे कोण मागतंय, बाई? पोलीस कुठून आणू? तू आणतेस?”

पोलीस तिला आणता येत नव्हते. उशी आणता येत होती. पुढच्या खेपेला ती सावरीची उशी काखेत मारून जेलच्या दारात उभी राहिली.

“काय कोंबलंय? गांजा?”

“सावरी हाय. फुकून बगा, तुमच्या टोपीवर जाऊन बसंल.”

शिपाई हसला आणि ब्लेडनं त्यानं शिवण उसवली. वारं सुटलं होतं. सावरी भुर्रकन उडाली. दारावर, पहाऱ्याच्या बंदुकीवर, शहजादीच्या केसांत. पदरात धरायला गेली तर आणखीच उडाली.

“भरलेलं काही आत जात नाही,” शिपाई म्हणाला. “खोळ जाईल.”

आत सिद्दीकनं तिच्या केसांकडं बघितलं. “सावरी भरली व्हतीस व्हय गं? आन् समदी जेलवाल्यांना वाटलीस?” हसता हसता त्याला ढास लागली, आणि मुलाखतीची वेळ त्या ढाशीतच सरली.

दिवाळीच्या आधी तो मेला. तवा मात्र पोलीस मिळाले. पंचनाम्याला मिळाले, मढ्यासंगं गाडीत बसायला मिळाले. सामानात खोळ परत आली. तिच्यात त्यानं आपला सदरा, टावेल आणि जुने पेपर कोंबले होते. कोपरेही दाबून भरले होते, गिऱ्हाइकाची भरावी तसे. शहजादीनं तिच्यावर वीत लावून बघितली. दोन बोटं कमीच होती.

सारजाबाईला यातलं बरंचसं ठाऊक होतं. ती बोटानं गादीचे टाके कुरवाळत बसली. “शहजादे,” शेवटी ती म्हणाली, “तवा आमच्या ह्यांनी...”

“मावशी, मामांना दवाखान्यात कवा दावलं?”

“दावू की. ऊस एकदा गेला म्हंजी.”

“उसाचं ऱ्हाऊ द्या. उद्याच्याला न्या. तुमाला पोलिसाची वाट बगायची न्हाई.”

सारजाबाईनं पिशव्या जवळ ओढल्या.

“जावा, बाजार उरका. तवर भरून ठेवते.”

म्हातारी पिशव्या उचलून गेली. सावरीला वारं चालत नाही. शहजादीनं दार लोटलं, नाकावर पदर बांधला आणि पोत्यात हात घातला.