बुजवलेली रेघ

चाकणच्या गॅरेजात विजयश्रीनं जुन्या गाडीच्या छताचा जोड लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवला आणि चार दिवस पॉलिश पेपरनं घासला. मालक नंदकिशोरचा शब्द होता, गिऱ्हाइकाला जोड सापडला नाही तर तिला मिस्त्री करायचं.

गाडीचे मालक राजवाडेसाहेब यांनी छतावरून तीनदा बोट फिरवलं. "जोड कुठाय?"

"सापडायचा न्हाई, साहेब," विजयश्री म्हणाली.

"अहो, जोडाची ती रेघ कंपनीचीच असते. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात आधी तीच बघतात."

नंदकिशोर हसला. "बाईमाणसाच्या हाती काम दिलं की असं होतं, साहेब."

"तुमीच बुजवायला सांगितलं, भाऊ."

"तोंड चालवू नको. उकर, साहेबांसमोर."

साहेब चहा घेत बघत बसले. तिनं रेघ सरळ उकरली.

"छान," साहेब म्हणाले. "रंगाला मिस्त्री कोण?"

"शोधतोय," नंदकिशोर म्हणाला. "ही गाड्या धुवेल."