प्रभावतीबाईंचे माठातले ससे

ससे पाळायची हौस मुळात जनार्दनरावांची. रेल्वेत रूळ सांभाळणाऱ्या गँगचे ते मुकादम होते. अकोल्याहून बदली होऊन जयपूरला आले आणि तिथूनच निवृत्त झाले. जयपूरजवळ चाकसू गावाच्या अलीकडे त्यांनी थोडी जमीन घेऊन दोन खोल्या बांधल्या होत्या. मालपुऱ्याकडच्या सरकारी केंद्रातून मांसासाठी सशांचं पालन शिकून आले, ते दोन डझन ससे घेऊनच.

"बकरीले जागा लागते, कोंबडीले रोग लागतो," ते प्रभावतीबाईंना म्हणाले. "सशाले काय, मूठभर रजका टाकला का झालं."

रजका म्हणजे आपला लसूणघास. तो शेजारच्या कजोडजींच्या शेतात भरपूर होता. प्रभावतीबाईंनी सशांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आन् कापणार कोण?"

जनार्दनराव केंद्रातलं माहितीपत्रक चाळू लागले. बाईंना काय समजायचं ते समजलं.

आठवड्याभरात त्यांनी माद्यांना नावंसुद्धा ठेवली, ती सगळी स्टेशनांची. फुलेरा, बांदीकुई, दौसा. सकाळी पत्र्याच्या शेडमध्ये उभे राहून ते हाक मारायचे, "दौसा, खाल्लं का नाही?" घरात मात्र बायकोला असं विचारल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

हिवाळा छान गेला. पिल्लं झाली, तीन-साडेतीन महिन्यांत अंगानं भरली. कापायचं काम बाईंनीच अंगावर घेतलं. भल्या सकाळी, शेडपासून दूर, भिंतीच्या आड त्या ते चटकन उरकायच्या आणि मग मिरची-खोबरं भाजून झणझणीत वऱ्हाडी रस्सा करायच्या. रविवारी रेल्वे कॉलनीतली जुनी मंडळी जेवायला यायची आणि जाताना घरी न्यायला मटण मागायची. जनार्दनराव सकाळी गायब असायचे आणि जेवणाच्या वेळेला बरोबर हजर व्हायचे.

मुलगी मयूरी जयपुरातच झोटवाड्याला राहायची. जन्म जयपूरचा, मराठी अर्धी हिंदीत. ती नाक मुरडायची. "आई, मतलब, इतके गोड असतात ते! तुला कसं जमतं?"

"जिवंत आहे तवर त्याले कशाची कमी पडू देत नाही मी," बाई म्हणायच्या. "बकऱ्याचं खातेस तवा विचारतेस का?"

मयूरी तरीही ताटात वरण-भातच घ्यायची.

मग मे महिना आला. एके दुपारी अशी लू, इकडचा तो भाजून काढणारा वारा, सुटली की पत्र्याला हात लावला तर फोड यावा. जनार्दनरावांनी ओली पोती टांगली, पंखा लावला. तेवढ्यात वीज गेली. संध्याकाळपर्यंत अकरा ससे आडवे झाले होते आणि पिंजऱ्याचं दार ढकलून फुलेरा पळाली होती. कुत्र्यानं नेली असणार, असंच सगळ्यांनी धरलं.

जनार्दनराव शेडच्या दाराशी मटकन बसले. "विकून टाकू उरलेले. माह्यी चूक झाली, प्रभा." आयुष्यभर चाळीस माणसांवर ओरडलेल्या त्या माणसाचा आवाज इतका बारीक बाईंनी कधी ऐकला नव्हता. अकराही ससे त्यांनी बांधाजवळ खोल पुरले.

पाच-सहा दिवसांनी पाण्याच्या हौदामागे भांडी घासताना त्यांना कडुनिंबाच्या बुडाशी ताजी माती उकरलेली दिसली. मातीत पांढरी लव चिकटली होती. त्यांनी हातानं माती बाजूला सारली आणि बिळात कोपरापर्यंत हात घातला. बाहेर डोकं भणाणत होतं आणि आत माठातल्या पाण्यासारखा गारवा! बोटांना काहीतरी मऊ, ऊबदार, वळवळतं लागलं. एक, दोन, तीन... सात.

"अवो!" त्या तिथूनच ओरडल्या. "मयूरीचे बाबा, पळत या! तुमची फुलेरा बाळंत झाली!"

जनार्दनराव एका पायात चप्पल घालून आले. बाईंनी त्यांचा हात धरून बिळात घातला. "पायलं? तुम्ही त्याईले पत्र्याखाली ठेवलं. त्याईचं घर जमिनीत असते. ह्या जनावराले अक्कल हाय, आपल्यालेच नाही."

"पण पावसाचं पाणी शिरन ना."

"मंग तुम्ही तीस वर्षं काय केलं? रुळाखाली पाणी साचू देत होते का?"

या प्रश्नानं जादू झाली. दुसऱ्या दिवशी जनार्दनराव पाणसळ आणि दोरी घेऊन अंगणात उभे होते. चर खणले, तळाला रुळाखाली घालतात तशी गिट्टी अंथरली, पाण्याला उतार काढून दिला. कजोडजींच्या ओळखीच्या कुंभाराकडून रुंद पोटाचे माठ आणले. एकेका माठाला कडेनं भोक पाडून तो जमिनीत पुरला, भोकातून ससा ये-जा करू शकेल एवढा रुंद पाइप वरच्या पिंजऱ्यापर्यंत आणला आणि माठाच्या तोंडावर उघडता येईल असं झाकण ठेवलं. कजोडजी शाकाहारी, सशांच्या धंद्यावर नाराजच. पण खणायला दोन दिवस तेही आले. "बाईजी, इतनी मेहनत तो हम कुएँ के लिए नहीं करते," म्हणाले.

पुढच्या मे महिन्यात पुन्हा तशीच लू सुटली. दुपारी वरचे पिंजरे रिकामे दिसत. जनार्दनराव दर तासाला एकेक झाकण उचलून बघत आणि आतले ससे कान पाडून निवांत पडलेले असत. त्या उन्हाळ्यात त्यांचा एकही ससा गेला नाही.

ही बातमी केंद्रातल्या साहेबांपर्यंत गेली. त्यांनी नव्या शिकाऊ मंडळींसमोर बोलायला बोलावलं, ते जनार्दनरावांना नाही, बाईंना. प्रभावतीबाईंनी आधी साफ नकार दिला. मयूरी सुट्टी काढून आली आणि तिनं आईला गाडीत बसवलं.

समोर साठ माणसं बघून बाईंनी पदर घट्ट खोचला. दोन वाक्यं हिंदीत झाली, तिसऱ्याला सरळ वऱ्हाडी सुरू झालं. कुणी अडवलं नाही. हात बिळात कसा घातला ते त्यांनी करून दाखवलं तेव्हा सगळे पुढे सरकून बघायला लागले. मागून जनार्दनराव ओरडले, "गिट्टीचं सांग, गिट्टीचं!" आणि सभागृह हसलं.

त्यानंतरच्या रविवारी चाकसूकडच्या चार बायका माठ बघायला आल्या. बाईंनी त्यांना झाकणं उघडून दाखवली आणि जेवायला थांबवून घेतलं. मयूरीही आली होती. सगळ्यांना वाढता वाढता तिनं वाटीत थोडा रस्सा घेतला, बोट बुडवून चाखला.

"तिखट आहे," ती म्हणाली, आणि भाकरीचा तुकडा मोडला.