साक्रीच्या सभेत विचारलेला प्रश्न

जळगावच्या कॉलेजात मी सौर ऊर्जेवर संशोधन करत होते. काचेवर पातळ थर चढवून मी नव्या प्रकारचा सोलर सेल बनवला होता. तो दाखवायला उभी राहिले, तर आमचे विभागप्रमुख भर सभागृहात म्हणाले, "बाई, ही काच भट्टीत भाजायला जेवढी वीज जाळलीत, तेवढी तरी ती परत देईल का?" सगळे हसले. प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणूनच तो जास्त झोंबला.

मग मी भट्टीला मीटर लावला आणि सेल गच्चीवर ठेवून रोजची वीज मोजत राहिले. सेलने खाल्लेली वीज कशीबशी फेडली आणि लगेच खराब झाला. मी ते तसंच लिहून छापलं.

निवृत्तीनंतर हेच सर एका कंपनीतर्फे तसलेच नवे पॅनल खपवायला साक्रीला आले. शेतकऱ्यांच्या त्या सभेत मी मुद्दाम गेले आणि त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला. वर म्हटलं, "आणि वीज फेडेपर्यंत हे टिकेल का?"

"ते फार तांत्रिक आहे, बाई."

पुढे बसलेले एक आबा म्हणाले, "सर, बाई काय इचारी ऱ्हायनी, ते सांगा ना!"

सर नुसते कागद चाळत राहिले. माणसं उठून गेली, एकानेही नाव नोंदवलं नाही. मला फार बरं वाटलं, आणि त्याची लाज आजही वाटत नाही.

बाहेर सरांनी विचारलं, "धुळ्याला निघालात? गाडीत जागा आहे का?"

जागा होती. "एसटी येईलच इतक्यात," म्हणत मी गाडी सुरू केली.