एकाच ओळीतले दोघे

सकाळी कॉलेजच्या पुस्तकात उंटाच्या लढाईबद्दल वाचत होतो. पैगंबरांना जाऊन फार वर्षं झाली नव्हती, आणि त्यांच्याच माणसांनी एकमेकांवर तलवारी उपसल्या. दोन्ही छावण्या एकाच दिशेला तोंड करून नमाज पढत असणार. पुढे वाचवेना.

दुपारी जुम्म्याच्या नमाजला अब्बांच्या मागच्या ओळीत होतो. त्यांच्या उजवीकडे चाचा. विहिरीच्या वाटणीवरून दोघे बोलत नाहीत, पण ओळीत फट ठेवायची नसते, म्हणून खांद्याला खांदा लागलेला. शेवटी सलाम फेरताना सगळ्यांच्या माना आधी उजवीकडे वळल्या, मग डावीकडे. अब्बांना चाचांची मान दिसली, चाचांना अब्बांची. तोंड कुणालाच दिसलं नाही. त्या छावण्यांतही असाच सलाम फिरला असेल, असं वाटून थकल्यासारखं झालं.

घरी येताना मी विचारलं, "अब्बा, चाचांना सलाम केलात ना?"

"तो फरिश्त्यांना असतो. कॉलेजात एवढंही शिकवत नाहीत?"

"मग दर वेळी त्यांच्याच शेजारी का उभे राहता?"

अब्बांनी टोपी काढून खिशात ठेवली.

"त्याचा गुडघा गेलाय," अब्बा म्हणाले. "सजद्यातून उठताना त्याला माझा खांदा लागतो."