नाजियाभाभी आणि दुकानाचा ताबा

उमरखेडला बसस्टँडवरून ढाणकी रोडला लागलं की डाव्या हाताला मोहिउद्दीनचाचांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. आता तिथे मोबाइलचं दुकान आहे, काचेचं दार आहे, आत गार हवा सोडलेली असते. मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करत होतो तेव्हा सुट्टीत त्या दुकानात जाऊन बसायचो. कॉलेजात मोटर फळ्यावर शिकवत, इथे ती उघडी पडलेली असे.

मोटर भरायच्या त्या नाजियाभाभी, म्हणजे चाचांची मोठी सून. जळालेल्या मोटरीतली काळी पडलेली तांब्याची तार ओढून काढायची, आतली एकेक खाच खरवडून साफ करायची, तीत कागद घालायचा, नवी तार गुंडाळून बसवायची आणि वरून वार्निश ओतायचं. ओढणी मागे बांधलेली, बोटांच्या टोकांना वार्निश लागून ती कायम तपकिरी. पैनगंगेच्या पट्ट्यातला ऊस आणि हळद विहिरीच्या मोटरींवर जगते, आणि व्होल्टेज पडलं की त्या मोटरी जळतात. त्यामुळे दुकानाला काम कधी कमी पडलं नाही.

चाचा दाराजवळच्या लोखंडी खुर्चीवर बसत. गिऱ्हाइकाशी बोलणं त्यांच्याकडे आणि तयार झालेली मोटर चालवून पाहणंही त्यांच्याकडे. त्यांचं बोलणं ऐकायला काही लोक मोटर नसतानाही येत. चालगणीचा गोविंदा तर हमखास.

"चाचा, मोटर जरा आवाज करून राह्यली होती, मंग एकदम चूप झाली," गोविंदा म्हणाला होता एकदा.

"चूप नाही झाली रे, मेली. तू तिले फोडणी देऊन आणली."

"करून द्या ना उद्यापर्यंत."

"मले काय विचारतो? माझ्या सुनेले विचार. मी इथं फक्त शिव्या द्यायले बसलो."

गोविंदा हसत आत वळला. भाभींनी मान वर न करता सांगितलं, "परवा या भाऊ. वार्निश वाळू द्या."

भाभी दिग्रसच्या. लग्न करून आल्या तेव्हा त्यांना दुकानातलं काही ठाऊक नव्हतं. नवरा मोईन संध्याकाळी तारेची रिळं घरी आणायचा आणि स्वयंपाक झाला की बायका गप्पा मारत तारेची वेटोळी गुंडाळायच्या. वाइंडिंगवाल्यांच्या बहुतेक घरांत ही रीत आहे. बाहेर दिसत नाही, पण निम्मं काम घरात होतं. मग एका संध्याकाळी ढाणकी रोडवर, मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मोईनची गाडी आदळली आणि तो जागीच गेला. त्यांची मुलगी आरजू तेव्हा शाळेत होती.

इद्दत, म्हणजे विधवेने घरात काढायचे चार महिने दहा दिवस, संपल्यावर चाचा सुनेला म्हणाले, "घरी बसून तार गुंडाळतेस, ती दुकानात बसून गुंडाळ." त्यावर मोहल्ल्यात बोलणं झालं. मोहिउद्दीनने जवान सुनेला रस्त्यावर आणून बसवलं, असं लोक म्हणाले. चाचांनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "तुमची मोटर दुसरीकडं न्या." कुणी नेली नाही, कारण भाभींनी भरलेली मोटर लवकर परत येत नसे.

मग चाचांच्या छातीत दुखायला लागलं. यवतमाळच्या डॉक्टरांनी जपून राहायला सांगितलं. चाचांची बायको आधीच गेलेली. धाकटा मुलगा रिजवान राजूरला कोळशाच्या खाणीवर ठेकेदाराकडे मशीन चालवायचा, मुलगी अकीला बोरी अरबला दिलेली. खेमसिंग राठोड वकील आपल्या शेतातली मोटर घेऊन दुकानात आले, तेव्हा चाचांनी त्यांना चहा सांगितला आणि विचारलं, "वकीलसाहेब, मी उद्या गेलो तर हे दुकान कोणाचं?"

"रिजवानचं आणि अकीलाचं. त्याचे दोन भाग, तिचा एक."

"अन् मोईनचा भाग?"

"मोईन तुमच्याआधी गेला ना चाचा. आधी गेलेल्याचा भाग धरत नाहीत. एक मुलगा हयात असला की गेलेल्या मुलाच्या लेकरांना तुमच्या कायद्यात वारसा नाही. आरजूला नाही, अन् सुनेला तर नाहीच."

आत भाभींचे हात थांबले. चाचा खुर्चीत पुढे सरकले.

"त्या पोरीचा बाप गेला, हे तिचंच नुकसान झालं. त्याच्यावर हे आणखी काहून?"

"काहून ते मला नका विचारू. वाट काय ते विचारा."

खेमसिंगांनी वाटा सांगितल्या. वसियत, म्हणजे मृत्युपत्र, केली तर तिसऱ्या हिश्श्यापर्यंत सुनेला किंवा नातीला देता येईल, त्याला वारसांनी हो म्हणायची गरज नाही. सुनेला धंद्यात भागीदार करून घ्या, म्हणजे धंदा तरी तुमच्यामागे उघड्यावर पडणार नाही. आत्ता लायसन, बँकेतलं खातं, विजेचं मीटर सगळं एकट्या तुमच्या नावावर आहे. तुम्ही गेलात की धंदाही त्याच दिवशी संपला. आणि सगळं दुकानच द्यायचं असेल, तर हिबा करा. जिवंतपणी देऊन टाका.

"हिबाच करतो," चाचा म्हणाले. "तिहाई कायले? सगळं तिनं सांभाळलं."

"मग नीट ऐका. तुम्ही दिलं म्हणायचं, तिनं घेतलं म्हणायचं, आणि ताबा देऊन तुम्ही बाजूला व्हायचं. तिसरं झालं नाही तर पहिली दोन फुकट. कागद केला, रजिस्टर केला, तरी फुकट. नगरपालिकेत नाव बदला, लायसन तिच्या नावानं काढा, दुकानापुढं तुमच्या जागेत टपरी आहे, तिचं भाडं तिला घेऊ द्या. अन् चाचा, या खुर्चीवरून उठा."

"खुर्चीनं काय होते?"

"कोर्ट तेच पाहते. देणारा उठला का नाही."

"बरं, उठतो. पण वसियत नाही करत. जबान दिल्यावर वरून कागद करायचा, म्हणजे माझ्याच जबानीवर माझा भरोसा नाही."

खेमसिंगांनी दोन्ही करा म्हणून पुष्कळ सांगितलं. चाचांनी ऐकलं नाही.

जुम्म्याची नमाज झाल्यावर चाचांनी चार माणसं दुकानात बोलावली. गोविंदाही होता. जिलेबी आणली होती. चाचा म्हणाले, "हे दुकान मी नाजियाला दिलं," आणि चाव्यांचा जुडगा पुढे केला. भाभींनी ओढणी सारखी केली, दोन्ही हात पुढे करून चाव्या घेतल्या आणि म्हणाल्या, "कबूल." रिजवानला फोन लावला. तो म्हणाला, "ठीक आहे अब्बा, तुमची मर्जी."

दुसऱ्या दिवशी चाचा दुकानात आले नाहीत. शब्द दिला तसे ते खरोखरच उठले होते. सकाळभर येणारा प्रत्येक माणूस रिकामी खुर्ची बघून विचारत होता, "चाचा कुठं गेले?" दुपारी भाभींनी शटर ओढलं आणि घरी गेल्या. चाचा कपडे घालून, टोपी घालून बाजेवर बसले होते. कुठे जायचं नसताना तयार झाले होते.

"अब्बा, जेवले का?"

"भूक नाही."

"दुकानात चला."

"वकिलानं काय सांगितलं, ऐकलं ना तू?"

"वकील त्यांच्या घरी. लोक म्हणतील, सुनेनं चाव्या घेतल्या अन् सासऱ्याले घरी बसवलं. अन् लोकांचं जाऊ द्या, मलेच तिथं करमत नाही." भाभींनी जुडगा त्यांच्या मांडीवर ठेवला. "शटर तुमच्याच हातानं उघडायचं. उठा."

चाचांनी लगेच चपला शोधल्या. हे सगळं भाभींनी मला पुढे सांगितलं. ती चपलांची गोष्ट सांगताना त्या हसल्याही होत्या.

त्यानंतर दोन वर्षं चाचा त्या खुर्चीवर बसले. रोज सकाळी शटर त्यांनी उघडलं. टपरीवाल्याने भाडं त्यांच्याच हातात दिलं आणि पावतीवर सही त्यांनीच केली. लायसनचं काम मागे पडत गेलं. भाभी एकदा नगरपालिकेत अर्ज घ्यायला गेल्या आणि न घेताच परत आल्या. चाचा समोर बसलेले असताना त्यांचं नाव खोडून स्वतःचं लिहायचं, हे त्यांच्याच्याने झालं नाही. आमच्याकडे घरातला मोठा माणूस जिवंत असेपर्यंत मालक तोच असतो. शेती असो, दुकान असो, सगळं मुलं चालवतात आणि गादीवर म्हातारा बसतो. यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

हरभऱ्याला पाणी देण्याचे दिवस होते. दुकानात मोटरींची रांग लागलेली असताना चाचांना दवाखान्यात न्यावं लागलं आणि तिथेच ते गेले.

चाळिसाव्या दिवसाचे विधी झाल्यावर रिजवान भाभींकडे आला. तो दांडगाई करणारा माणूस नव्हता. खाणीवरच्या ठेकेदाराने माणसं कमी केली होती, त्यात त्याचं काम गेलं होतं. घरी दोन लेकरं, राजूरची भाड्याची खोली. तो म्हणाला, "भाभी, खेमसिंग वकिलाकडं बसू. जे काय असेल ते समोरासमोर होऊ द्या." बोरी अरबहून अकीलाच्या घरच्यांनीही हिश्श्याचं विचारलं होतं.

बैठकीच्या आदल्या दिवशी गोविंदा दुकानात आला.

"भाभी, गवाही द्यायले मी हाओ ना. सांगतो कोर्टात, त्या जिलेबीच्या दिवसापासून चाचा फक्त चहा प्यायले येत होते. हिशोब नाही पाहिला, काम नाही पाहिलं, कायले हात नाही लावला."

"भाऊ, चाचांनी चालवून दाखवल्याशिवाय तुम्ही एक तरी मोटर घरी नेली का?"

गोविंदाने डोकं खाजवलं. मग म्हणाला, "ते खरं हाये. पण ते सांगायचं कायले?"

खेमसिंगांच्या ऑफिसात टेबलाच्या एका बाजूला रिजवान आणि दुसऱ्या बाजूला भाभी आणि आरजू बसल्या. आरजू तेव्हा बारावीला होती. तिला माझ्यासारखंच इलेक्ट्रिकल करायचं होतं, अमरावतीला.

खेमसिंग भाभींना म्हणाले, "केस अगदीच कमजोर नाही. एका छताखाली काम करणाऱ्या घरच्या माणसांत कोर्ट थोडी ढील देते. हिबा चार लोकांसमोर झाला, चाव्या दिल्या, हे शाबीत होईल. पण त्यानंतर दुकानावर चाचांचा हुकूम नव्हता, ते फक्त येऊन बसत होते, हे तुम्हाला शपथेवर सांगावं लागेल. भाड्याच्या पावत्या उलट्या जातात, त्याला उत्तर द्यावं लागेल. मी तुम्हाला खोटं बोला म्हणत नाही. काय विचारतील ते सांगून राह्यलो."

रिजवान टेबलाकडे बघत बोलला. "कोर्टात जायची गरज नाही. माझ्यासाठी भाभीचा शब्द बस आहे. भाभी, तुम्ही सांगा. त्या दिवसानंतर अब्बा मालक नव्हते, नुसते बसत होते, असं तुम्ही म्हटलं, तर मी उठतो अन् राजूरले जातो. अकीलाच्या घरच्यांशीही मी बोलतो. परत नाव नाही काढणार."

आरजूने आईचा हात धरला. खेमसिंगांनी पेन खाली ठेवलं.

भाभी म्हणाल्या, "अब्बांनी दिलं होतं. मनापासून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी घरी बसलेही होते. मीच त्यांना परत नेलं. चाव्या त्यांच्या हातात दिल्या."

"मग नुसते बसत होते ना?" रिजवानने पुन्हा विचारलं. असं वाटत होतं की त्याला हो ऐकायचं आहे.

"नाही," भाभी म्हणाल्या. "शेवटच्या दिवसापर्यंत दुकान त्यांचंच होतं. त्यांच्या मर्जीशिवाय तिथलं पानही हललं नाही."

रिजवानने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खेमसिंग म्हणाले, "यानंतर माझ्याजवळ बोलायला काही उरलं नाही."

दुकान शरियतप्रमाणे रिजवान आणि अकीलाच्या नावावर झालं आणि उन्हाळ्यात विकलं गेलं. तार गुंडाळायचं मशीन आणि हत्यारं रिजवानने भाभींना आणून दिली. त्यासाठी अकीलाला विचारायचं तेवढं त्याने विचारलं होतं. भाभींनी ढाणकी रोडलाच, बऱ्याच पुढे, टिनाचा एक गाळा भाड्याने घेतला. लायसन पहिल्याच आठवड्यात स्वतःच्या नावाने काढलं. गोविंदा तिथेही येतो, पण फार बसत नाही. आरजूचं अमरावती राहिलं. ती गावातल्याच आयटीआयला जाते.

मी मागच्या दिवाळीत गेलो होतो तेव्हा भाभी एका पंपाच्या मोटरीत कागद घालत होत्या. आरजू दाराशी उभी राहून स्टार्टर उघडत होती. माझ्याशी बोलता बोलता ती आजोबांबद्दल म्हणाली, "दादा गेलेले होते. त्यांना काय कळणार होतं? अम्मीने एकदाच हो म्हणायचं होतं."

ती हे मला सांगत होती, पण भाभींना ऐकू जाईल अशा आवाजात.

भाभींनी मोटर बाजूला सरकवली. "मंग ती दोन वर्षं तुझे दादा तिथं कोण म्हणून बसले होते? मी ठेवलेला म्हातारा?"

आरजूने स्क्रू काढून झाकण जमिनीवर ठेवलं, जरा जोरातच. तिला ते पटलेलं नव्हतं. भाभींना ते कळत होतं. त्यांनी पुन्हा मोटर ओढून घेतली आणि पुढच्या खाचेत कागद घालू लागल्या.