मामांची सागवानी पट्टी

गणिताच्या पुस्तकात मागं छापलेली उत्तरं चुकीची असतात, हे साऱ्या पृथ्वीवर एकाच माणसाला ठाऊक होतं आणि तो माणूस मंगळवार पेठेत आमच्या समोरच्या घरात राहायचा. माझ्या आत्तीचे यजमान. आमच्याकडं आत्तीच्या नवऱ्याला मामा म्हणतात, म्हणून मी मामा म्हणायचो. मग सगळी गल्ली म्हणू लागली, आणि शेवटी आत्तीसुद्धा चिडली की त्यांना मामाच म्हणायची.

मामा शिरोलीच्या एका फौंड्रीत पॅटर्न करायचे, म्हणजे लोखंडाचा जो भाग ओतायचा त्याचा आधी हुबेहूब लाकडी नमुना घडवायचा. शिक्षण नववी. पण संध्याकाळी कामावरून आले, तोंडावर पाणी मारलं आणि कट्ट्यावर बसले की बारावीच्या पोरीसुद्धा फिजिक्सच्या वह्या घेऊन हजर. 'घर्षण नगण्य मानावे' हे वाक्य आलं की मामांच्या टाळूवर भाकरी भाजून निघाली असती. "कोण मानायचं? घर्षण नसतं तर तुझा बा सायकलवरनं सांगलीच्या पुढं गेला असता, थांबलाच नसता!" मग घर्षण धरून गणित सुटायचं आणि पुस्तकाशी भांडण जुंपायचं. "छापणाऱ्याची चूक हाय. पुण्यात छापत्यात न्हवं? सांगणार कोण त्यास्नी!" केमिस्ट्रीला हायड्रोजन म्हणजे हरभरे, ऑक्सिजन म्हणजे वाटाणे. कट्ट्यावर समीकरणं मांडून ढीगभर पाणी तयार व्हायचं, आणि दुसऱ्या दिवशी आत्ती त्या पाण्याची उसळ करायची. गंमत अशी की उत्तर चुकायचं, पण गणित डोक्यात असं बसायचं की उठायचं नाव नाही. आणि आपलं काही चुकलं, हे मामांच्या तोंडून त्यांच्या जन्मदात्या आईनंही ऐकलेलं नव्हतं.

मी दहावीत गेलो ते वर्ष. नव्वदीचं दशक नुकतंच लागलं होतं. आमच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या तलवारबाजीत शहीद झालेल्या बघून मामांनी गल्लीतल्या आम्हा सात जणांना सागवानाच्या पट्ट्या करून दिल्या. रेघा अशा कोरलेल्या की देव्हाऱ्यात ठेवाव्यात. त्या घेऊन आम्ही सहामाहीला भूमितीचा पेपर दिला, आणि चौथ्या दिवशी सरांनी सातही पेपर टेबलावर आपटले.

"दहा सेंटीमीटरची रेघ सातही जणांची एक मिलिमीटर लांब! अरे, चूक करायची तर ज्याची त्यानं करावी. ही कॉपी आहे. सातांना शून्य."

इतरांचं माहीत नाही, पण बाबांनी मला बजावून ठेवलं होतं, भूमितीत नापास झालास तर शाळा बंद, शिरोलीत कामाला. आणि बाबांचा शब्द म्हणजे ओतलेलं लोखंड.

रडत रडत मामांपुढं पट्टी धरली. त्यांनी ती बाजारच्या पट्टीशेजारी ठेवली आणि गप्प झाले. मामा गप्प बसलेत म्हणून आत्ती पदराला हात पुसत घाबरून बाहेर आली. भानगड अशी होती : लोखंड गार झालं की आकसतं, म्हणून लाकडी नमुना आधीच शंभराला एक या हिशेबानं मोठा करतात, आणि त्यासाठी फौंड्रीत पट्टीच वेगळी असते, सेंटीमीटर जरा लांब असलेली. मामांनी आमच्या पट्ट्यांवर रेघा मारल्या त्या, सवयीनं, तिच्यावरून!

दुसऱ्या दिवशी मामा कामावर खाडा करून, लग्नातला शर्ट घालून शाळेत आले. आम्ही सातजण खिडकीला लोंबकळलेले.

"बोला पावणं," सर म्हणाले.

मामांनी टेबलावर पट्टी ठेवली. कपाळाचा घाम पुसला. भट्टीपुढंही त्यांना एवढा घाम आला नसेल.

"मास्तर, पोरांनी कायबी केलेलं न्हाय. चूक..." इथं त्यांनी पट्टी उगाच सरळ केली, "चूक माझी हाय. शून्य द्यायचं तर मला द्या."

पन्हाळा किल्ला सरकून आमच्या राजारामपुरीत आला असता तरी आम्हाला एवढा धक्का बसला नसता. सरांनी ती आपल्या पट्टीशेजारी लावली, सगळा प्रकार ऐकला, आणि खो खो हसत सातही पेपर पुन्हा तपासायला ओढले. वर ती पट्टी वर्गात दाखवायला मागून घेतली.

फाटकाबाहेर पडल्यावर मामांनी मान ताठ केली. "पट्टी बरोबरच हाय. मास्तरचा कागद आकसंना, त्याला मी काय करू?"

मी दहावी झालो, पुढं शिकलो, शिरोलीतच लागलो, फक्त केबिनमध्ये. आत्ती जाऊन आता दोन वर्षं झाली. परवा मामांकडं गेलो तर तोच लग्नातला शर्ट अंगात, त्याचे खांदे कोपरापर्यंत उतरलेले.

"मामा, आकसला की हो तुम्ही!"

त्यांनी भिंतीवरच्या आत्तीच्या फोटोकडं बघितलं.

"आकसणारच की लेका. पर तुझ्या आत्तीनं लग्नाआधी बघतानाच मला जरा मोठा धरलावता. म्हणून अजून एवढा तरी उरलोय."